समुद्री कासवांच्या पितृत्वाचा शोध : जनुकीय अभ्यास आणि संवर्धनाचे धोरण

भिलाईचे वैशाली नगर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. तथापि शहराजवळून वाहणारी शिवनाथ पुढे महानदीला मिळते आणि महानदी ओडिशात बंगालच्या उपसागराला. महानदीच्या त्रिभुज प्रदेशातील देवी नदीच्या मुखाजवळचे वाळूचे पट्टे ही ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांची विणीची जागा आहे. समुद्रकिनारा नसलेल्या छत्तीसगडसारख्या राज्याचाही समुद्राशी असा नदीमार्गे संबंध येतो. सागरी प्राण्यांचे संरक्षण ही केवळ किनारी राज्यांची बाब नाही. त्यासाठी लागणारा निधी, कायदा आणि व्यापारातील लाभ-हानी यांचा भार संपूर्ण देश उचलत असतो. म्हणूनच या संरक्षणाचे यश नेमके कशाने मोजावे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

गेल्या काही दशकांत या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे एक नवे साधन उपलब्ध झाले आहे. पिल्लांच्या जनुकीय रचनेवरून त्यांचे आईबाप ठरविणे, हे ते साधन होय. प्रस्तुत लेखात समुद्री कासवांच्या उदाहरणावरून या पद्धतीचे शास्त्र, तिचे निष्कर्ष आणि त्यांतून धोरणासाठी मिळणारे धडे यांचा विचार केला आहे.

किनाऱ्यावरील गणना आणि तिची मर्यादा

ओडिशातील गहिरमाथा, देवी नदीचे मुख आणि ऋषिकुल्या नदीचे मुख ही ऑलिव्ह रिडलेच्या सामूहिक विणीची प्रसिद्ध ठिकाणे आहेत. गहिरमाथ्याची माहिती शास्त्रीय जगाला १९७० च्या दशकात, देवीची १९८० च्या दशकाच्या प्रारंभी, तर ऋषिकुल्येची १९९४ मध्ये झाली. हजारो माद्या काही दिवसांच्या अवधीत एकाच किनाऱ्यावर येऊन अंडी घालतात. या घटनेला स्पॅनिश भाषेतील ‘अरिबाडा’, म्हणजे आगमन, हे नाव रूढ झाले आहे. २०२५ च्या हंगामात ऋषिकुल्या येथे सुमारे ७ लाख आणि गहिरमाथा येथे ६ लाखांहून अधिक कासवांची नोंद झाली. याउलट, गहिरमाथ्याला सामूहिक वीण झालीच नाही, अशीही काही वर्षे गेली आहेत.

हे आकडे प्रभावी असले, तरी ते केवळ माद्यांचे आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे. समुद्री कासवाचा नर पिल्लू म्हणून एकदा समुद्रात गेला, की सामान्यतः पुन्हा किनाऱ्यावर येत नाही. मीलन पाण्यात होते. मादी शुक्राणू शरीरात साठवून ठेवू शकते आणि एका हंगामातील एकाहून अधिक घरट्यांसाठी त्यांचा उपयोग करू शकते. परिणामी नर किती आहेत, त्यांपैकी किती जणांना संतती होते, त्यांची संख्या वाढते आहे की घटते आहे, यांपैकी कोणत्याही गोष्टीची नोंद किनाऱ्यावरील गणनेत होत नाही. ज्या ताळेबंदात केवळ एकच बाजू भरलेली आहे, त्यावरून संस्थेची आर्थिक स्थिती ठरविता येत नाही. कासवांच्या गणनेची स्थिती अशीच आहे. रिकामी राहिलेली दुसरी बाजू भरण्याचे काम जनुकीय अभ्यास करतो.

पितृत्व कसे ठरविले जाते?

प्राण्यांच्या पेशीत आनुवंशिक द्रव्य, म्हणजे डीएनए, दोन ठिकाणी असते. पेशीच्या केंद्रकातील डीएनए आई व वडील या दोघांकडून निम्मा-निम्मा येतो. तंतुकणिकांमधील डीएनए मात्र सर्वसाधारणपणे केवळ आईकडून येतो. त्यामुळे मातृवंशाचा आणि जन्मस्थानाचा शोध घेण्यासाठी तंतुकणिकांचा, तर पितृत्व ठरविण्यासाठी केंद्रकातील डीएनए तपासला जातो.

केंद्रकीय डीएनएमध्ये काही ठिकाणी थोडी अक्षरे पुनःपुन्हा येतात. उदाहरणार्थ, ‘जीएटीए’ हा चार अक्षरांचा गट एका प्राण्यात दहा वेळा, तर दुसऱ्यात चौदा वेळा आलेला असतो. अशा जागांना ‘मायक्रोसॅटेलाइट’ म्हणतात. पुनरावृत्तीची संख्या बदलली, की त्या तुकड्याची लांबी बदलते आणि ही लांबी प्रयोगशाळेत मोजता येते. प्रत्येक प्राण्याकडे अशा प्रत्येक जागेची दोन रूपे असतात, एक आईचे आणि एक वडिलांचे.

समजा, एका जागी मादीकडे १२० आणि १२६ लांबीची रूपे आहेत. तिच्या घरट्यातील तीन पिल्लांमध्ये अनुक्रमे १२० व १३०, १२६ व १३४, आणि १२० व १३८ अशा जोड्या आढळल्या. प्रत्येक जोडीतून आईचे रूप वजा केल्यास १३०, १३४ आणि १३८ ही तीन रूपे उरतात. ती वडिलांकडून आली असली पाहिजेत. पण एका नराकडे एका जागेची दोनच रूपे असू शकतात. म्हणून या घरट्याचे पिते किमान दोन आहेत, असा निष्कर्ष निघतो. क्वचित उत्परिवर्तनामुळेही नवे रूप निर्माण होते. त्यामुळे एकाच जागेवर विसंबून न राहता अनेक जागा आणि पुरेशी पिल्ले तपासली जातात. अशा अनेक जागांची माहिती एकत्र केली, की ज्या नराला कोणीही पाहिलेले नाही, त्याची जनुकीय ओळख केवळ त्याच्या संततीवरून उभी करता येते. हाच नर दुसऱ्या घरट्याचाही पिता आहे काय, हेदेखील मग तपासता येते.

हैदराबादच्या प्रयोगशाळेचे योगदान

भारतात या शास्त्राचा पाया हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात घातला गेला. डॉ. लालजी सिंह (१९४७–२०१७) यांनी पट्टेरी मण्यार या सापाच्या डीएनएमधील पुनरावृत्त अनुक्रमाचा अभ्यास केला होता. त्यावर आधारलेले तंत्र पुढे माणसांच्या डीएनए ठशांसाठी उपयोगी ठरले आणि १९९० च्या सुमारास केरळमधील एका पितृत्वाच्या खटल्यात असा पुरावा न्यायालयासमोर आला. सापाच्या अभ्यासातून माणसाचे पितृत्व ठरविण्याचे साधन मिळाले. पुढे हीच संस्था कासवांच्या जनुकीय अभ्यासाकडे वळली.

या केंद्रातील आणि भारतीय वन्यजीव संस्थेतील शास्त्रज्ञांनी भारताच्या पूर्व किनाऱ्यावरील ऑलिव्ह रिडलेच्या तंतुकणिकीय डीएनएचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. कार्तिक शंकर, जे. रामादेवी, बी. सी. चौधरी, लालजी सिंह आणि रमेश अगरवाल हे त्याचे लेखक होत. पूर्व किनाऱ्यावरील कासवे आपसांत मिसळणारा एकच समूह असून तो श्रीलंकेसह जगातील इतर समूहांपासून वेगळा आहे, असे त्यातून दिसले. सुमारे ९६ टक्के भारतीय कासवांमध्ये अन्यत्र न आढळणारी मातृवंशीय रूपे होती. जगातील आजच्या ऑलिव्ह रिडले समूहांचा उगम हिंदी महासागरातील वंशशाखांत असावा, असाही निष्कर्ष त्यांनी काढला. त्याआधीच्या दहा वर्षांत ओडिशाच्या किनाऱ्यावर एक लाखाहून अधिक मृत कासवे मोजली गेली होती, याची नोंदही त्याच अभ्यासात आहे. जो वारसा आपण अशा रीतीने गमावत होतो, तो अन्य कोठूनही भरून आणता येणारा नव्हता.

एका घरट्याचे किती पिते?

मातृवंशानंतर पितृत्वाकडे वळू. दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम येथे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासलेल्या १० ऑलिव्ह रिडले घरट्यांपैकी २ घरट्यांत एकाहून अधिक पिते आढळले. २००६ मध्ये कोस्टारिकातील दोन किनाऱ्यांची तुलना प्रसिद्ध झाली. ओस्तिओनाल येथे सामूहिक वीण होते. तेथे सुमारे ९२ टक्के घरट्यांत एकाहून अधिक पिते होते. प्लाया एर्मोसा येथे माद्या एकेकट्या येतात. तेथे हे प्रमाण सुमारे ३० टक्के होते. एकाच जातीच्या, एकाच देशातील कासवांमध्ये एवढी तफावत असण्याचे संभाव्य कारण म्हणजे विणीच्या समुद्रातील गर्दी. जेथे नर-मादी मोठ्या संख्येने जमतात, तेथे भेटी अधिक होतात.

एकाहून अधिक पिते असण्यात मादीचा लाभ कोणता, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. अटलांटिक महासागरातील असेन्शन बेटावरील हिरव्या कासवांच्या अभ्यासात, २००४ मध्ये, अशा घरट्यांना कोणताही विशेष फायदा झाल्याचे दिसले नाही. तेव्हा प्रत्येक जैविक वर्तनामागे लाभाचाच हेतू गृहीत धरणे बरोबर नाही. समूहाच्या दृष्टीने मात्र किती निरनिराळे नर पुढील पिढीत सहभागी होतात, याला निश्चित महत्त्व आहे.

परिणामकारक संख्या : एक साधे सूत्र

अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ स्यूअल राइट यांनी १९३१ मध्ये ‘परिणामकारक संख्या’ ही संकल्पना मांडली. समूहात एकूण प्राणी किती, यापेक्षा त्यांपैकी किती जणांचा जनुकीय वाटा पुढील पिढीत जातो, याकडे ती लक्ष वेधते. नर व मादी यांची संख्या विषम असेल, तर परिणामकारक संख्या काढण्याचे सूत्र असे : प्रजनन करणाऱ्या नरांची संख्या आणि माद्यांची संख्या यांच्या गुणाकाराची चौपट करावी व तिला दोहोंच्या बेरजेने भागावे.

एका समूहात ५०० नर आणि ५०० माद्या आहेत असे मानू. सूत्रानुसार परिणामकारक संख्या १,००० येते. आता एकूण संख्या १,००० च ठेवून नर १०० आणि माद्या ९०० घेतल्या, तर ती ३६० होते. नर ५० व माद्या ९५० असतील, तर केवळ १९०. या शेवटच्या समूहात माद्या जवळजवळ दुप्पट झाल्या आहेत. किनाऱ्यावर मोजणी करणाऱ्यास घरटी वाढलेली दिसतील आणि अहवालात प्रगतीची नोंद होईल. प्रत्यक्षात समूहाची जनुकीय शक्ती एक-पंचमांशाहूनही कमी झालेली असेल. राष्ट्रीय उत्पन्न वाढत असताना त्याची वाटणी अधिकाधिक विषम होत जावी, तशी ही अवस्था आहे.

तापमानवाढ आणि नरांचा प्रश्न

वरील उदाहरण काल्पनिक असले, तरी त्यामागील धोका खरा आहे. समुद्री कासवाच्या पिल्लाचे लिंग गुणसूत्रांवर नव्हे, तर अंडी उबण्याच्या काळातील वाळूच्या तापमानावर ठरते. साधारणतः २९ अंश सेल्सिअसच्या आसपास नर-मादी समप्रमाणात निपजतात. तापमान त्याहून वाढले की माद्यांचे प्रमाण वाढते, घटले की नरांचे. हवामानबदलामुळे वाळू तापत गेल्यास दीर्घकाळात नरांची चणचण भासू शकते.

या संदर्भात उत्तर सायप्रसमधील हिरव्या कासवांचा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास उद्बोधक आहे. तेथील पिल्लांपैकी सुमारे ९५ टक्के माद्या होत्या. तरीही जनुकीय पितृत्व तपासले असता प्रजनन करणाऱ्या प्रत्येक मादीमागे किमान १.४ नर असल्याचे आढळले. नर बहुधा माद्यांपेक्षा अधिक वारंवार प्रजननासाठी येतात आणि निरनिराळ्या विणीच्या क्षेत्रांत फिरतात, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. जन्मणाऱ्या पिल्लांतील प्रमाण आणि प्रजनन करणाऱ्या प्रौढांतील प्रमाण या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा यातील धडा होय. तथापि त्यावरून निश्चिंत राहणे योग्य नाही. कासव प्रौढ होण्यास अनेक वर्षे लागतात; आज जन्मलेल्या पिल्लांतील असमतोलाचे परिणाम पुढच्या दशकांत दिसतील. पितृत्वाची नियमित नोंद ठेवल्यासच हा बदल वेळीच लक्षात येईल.

कोकणचा किनारा

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची वीण विखुरलेली असते. माद्या एकेकट्या येतात. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास हे नाना फडणवीसांचे गाव म्हणून ओळखले जाते. तेथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने ग्रामस्थ व वनविभाग यांच्या सहकार्याने घरट्यांच्या संरक्षणाचे काम उभे केले. पूर्वी अंडी चोरीला जात. आता ती कुंपण घातलेल्या उबवणी केंद्रात सुरक्षित ठेवली जातात आणि पिल्ले समुद्राकडे जाताना पाहण्यासाठी कासव महोत्सवाला पर्यटक येतात. घरगुती निवास व भोजनव्यवस्थेतून गावाला उत्पन्न मिळू लागले. आंजर्ले, गुहागर अशा अन्य किनाऱ्यांवरही असे काम चालते.

कोकणातील ही कासवे कोठून येतात व कोठे जातात, याचा शोधही सुरू झाला आहे. २०२२ मध्ये वेळास, आंजर्ले व गुहागर येथील पाच माद्यांना उपग्रह संदेशयंत्रे बसविण्यात आली. २०२३ मध्ये गुहागरच्या ‘बागेश्री’ने श्रीलंकेला वळसा घालून बंगालचा उपसागर गाठला. ओडिशात २०२१ मध्ये खूणपट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांचा संबंध आहे, याचा हा प्रत्यक्ष पुरावा होय. मात्र खूणपट्टी किंवा संदेशयंत्र एका मादीचा प्रवास सांगते. कोकणातील पिल्लांचे पिते कोठल्या समूहातील आहेत, हे केवळ जनुकीय तपासणी सांगू शकेल. त्यासाठी जिवंत पिल्लाला इजा करण्याची गरज नाही. न उबलेली अंडी आणि मृत पिल्ले यांच्या ऊतींतूनही डीएनए मिळतो. ही जात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत असल्याने असे नमुने घेण्यासाठीही सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आवश्यक असते.

कासवांपलीकडे : मालवणचा प्रश्न

पालकत्वाच्या अभ्यासाने इतर सागरी प्राण्यांविषयीच्या समजुतीही बदलल्या आहेत. समुद्रघोड्यात नर आपल्या पिशवीत अंडी वाढवितो. तपासलेल्या पिल्लांवरून एका खेपेची सर्व अंडी एकाच मादीची असल्याचे आढळले. अमेरिकेतील ओमाहा येथील प्राणिसंग्रहालयात २००१ मध्ये नराविना ठेवलेल्या बोनेटहेड शार्क माद्यांपैकी एकीने पिल्लाला जन्म दिला. त्या पिल्लात पित्याचा कोणताही जनुकीय अंश नसल्याचे २००७ मध्ये सिद्ध झाले.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा अभ्यास ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरील केपेल बेटांजवळचा आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन खाद्य माशांच्या प्रौढांचे व पिल्लांचे डीएनए जुळविण्यात आले. मासेमारीस बंदी असलेले क्षेत्र स्थानिक प्रवाळ क्षेत्राच्या केवळ २८ टक्के होते; पण ३० किलोमीटरच्या टापूतील सुमारे निम्मी पिल्ले त्या क्षेत्रातील माशांची होती. त्यांतील अनेक पिल्ले मासेमारीस खुल्या असलेल्या भागांत वाढत होती. संरक्षित क्षेत्राचा लाभ कुंपणाबाहेर जातो, हे पालकत्वाच्या पुराव्याने दाखविता आले. अर्थशास्त्रात यालाच अनुकूल बाह्यपरिणाम म्हणतात.

सिंधुदुर्गातील मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्रफळ २९.१२ चौरस किलोमीटर आहे. स्थानिक मच्छीमारांनी त्याला सातत्याने विरोध केला. आपल्या उपजीविकेवर मर्यादा येणार असेल, तर त्या बदल्यात आपल्याला काय मिळणार, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. या प्रश्नाला उपदेशाने उत्तर देता येत नाही. संरक्षित पाण्यातील माशांची पिल्ले आपल्या जाळ्याच्या टापूत येतात किंवा येत नाहीत, हे मोजून दाखविणे, हेच त्याचे प्रामाणिक उत्तर होय. लाभ दिसला तर सहमतीला आधार मिळेल. न दिसल्यास सीमांचा फेरविचार करावा लागेल.

व्यापार आणि कायदा

समुद्री कासवांचा प्रश्न जागतिक व्यापारातही गाजला. कोळंबीच्या ट्रॉल जाळ्यात अडकून कासवे गुदमरतात, या कारणास्तव अमेरिकेने कासव-सुटका साधन न वापरणाऱ्या देशांच्या कोळंबीवर निर्बंध घातले. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड यांनी जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली. अपील मंडळाने १९९८ मध्ये संरक्षणाचा हेतू ग्राह्य मानला. परंतु निर्बंधांची अंमलबजावणी अन्याय्य भेदभावाची ठरविली. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेने भारताच्या समुद्रातून पकडलेल्या कोळंबीची आयात याच कारणावरून थांबविली. ओडिशात दरवर्षी १ नोव्हेंबर ते ३१ मे या काळात विणीच्या क्षेत्रांलगत मासेमारीवर बंदी असते. तिचा भार लहान मच्छीमारांवर सर्वाधिक पडतो. जाळे नर व मादी असा भेद करत नाही. किनाऱ्यावरील संरक्षणाचा लाभ मुख्यतः अंडी, पिल्ले आणि विणीच्या माद्या यांना होतो. नरांचे रक्षण समुद्रातच करावे लागते.

धोरणासाठी दिशा

या विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

(१) माद्यांच्या गणनेबरोबर निवडक किनाऱ्यांवर ठरावीक वर्षांनी पितृत्वाची तपासणी व्हावी व तिचे निष्कर्ष जाहीर व्हावेत.

(२) उबवणी केंद्रांत वाळूच्या तापमानाची नोंद अनिवार्य असावी. सर्व घरटी एकाच उघड्या, तापणाऱ्या जागी हलविल्यास नकळत पिल्लांचे लिंगप्रमाण बिघडू शकते. शक्य तेथे काही घरटी मूळ जागीच सुरक्षित ठेवावीत.

(३) पूर्व व पश्चिम किनाऱ्यांवरील राज्यांनी नमुने व नोंदी एकाच राष्ट्रीय संग्रहात द्याव्यात, कारण कासवे राज्यांच्या सीमा पाळत नाहीत.

(४) संरक्षित क्षेत्रांच्या लाभाचे मोजमाप मच्छीमारांच्या सहभागाने व्हावे. त्यांच्या उत्पन्नातील तुटीची भरपाई हा धोरणाचा भाग असावा.

(५) सुटका-साधनाचा खर्च आणि त्यामुळे खुल्या होणाऱ्या निर्यातीचा लाभ यांची वाटणी न्याय्य असावी.

समारोप

संवर्धनाचे अहवाल सामान्यतः दिसणाऱ्या गोष्टी मोजतात : घरटी, पिल्ले, पर्यटक, खर्च झालेला निधी. परंतु एखाद्या समूहाचे भवितव्य न दिसणाऱ्या घटकांवरही अवलंबून असते. किनाऱ्यावर कधीही न येणारा नर हा असाच घटक आहे. त्याची नोंद त्याच्या पिल्लांच्या पेशींत आहे आणि ती वाचण्याची क्षमता आपल्या देशातील प्रयोगशाळांत आहे. लाखो माद्यांच्या आगमनाचे स्वागत करताना हिशेबाची दुसरी बाजूही भरली गेली, तरच वाढलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवता येईल.

(लेखक अर्थशास्त्राचे अभ्यासक असून वैशाली नगर, भिलाई येथे वास्तव्यास आहेत.)